सिम कोणाच्या नावावर, हँडसेट कोणाचा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मोबाइल फोनच्या वापराविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, त्यातला बहुतेक मजकूर ‘मुलांच्या हाती फोन किती वेळ द्यावा’ आणि ‘अनोळखी लिंक उघडू नये’ या दोन सल्ल्यांभोवती फिरतो. दोन्ही सल्ले रास्त आहेत. मात्र त्यांच्या गर्दीत एक साधा प्रश्न मागे राहतो, आणि कायद्याच्या दृष्टीने तो अधिक महत्त्वाचा आहे. आपल्या घरातले प्रत्येक सिम कार्ड कोणाच्या नावावर आहे, प्रत्यक्षात ते कोण वापरते आणि ज्या हँडसेटमध्ये ते घातले आहे तो आपल्याकडे कोठून आला, हा तो प्रश्न. दूरसंचार खात्यातून निवृत्त झाल्यानंतरही शेजारीपाजारी आणि नातलग याच स्वरूपाच्या अडचणी घेऊन माझ्याकडे येत असतात, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

तारेच्या टेलिफोनच्या काळात फोन कोणाच्या नावावर आहे याला बिलापलीकडे फारसा अर्थ नव्हता. वाड्यात एक फोन असे, सगळे बिऱ्हाडकरू तो वापरत आणि ‘पी. पी.’ (म्हणजे फोन दुसऱ्याचा, हवा त्याला बोलावून घ्यावे) असे लिहून त्याचाच क्रमांक लग्नपत्रिकेवरही छापत. ती सवय आपण तशीच मोबाइलवर आणली, आणि शेजाऱ्याला वाटीभर साखर द्यावी तितक्या सहजपणे आपल्या नावावरचे सिम भाच्याला, भाडेकरूला, कामावरच्या मुलाला देऊ लागलो. दरम्यान त्या क्रमांकाचे स्वरूप पार बदलून गेले. बँकेतून पैसे काढणे, आधारची पडताळणी, प्राप्तिकराचे विवरणपत्र, पीएम किसानचे ई-केवायसी, गॅसचे बुकिंग ही सगळी कामे आता त्या क्रमांकावर येणाऱ्या ओटीपीवर चालतात. म्हणजे व्यवहारात आपला मोबाइल क्रमांक ही आपली सही झाली आहे, आणि ती दुसऱ्याच्या खिशात आहे याचे भान मात्र आपल्याला राहिलेले नाही.

कायद्याला ते भान आहे. दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील तरतुदी २०२४ च्या जूनअखेरीपासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागल्या. सेवा घेताना खोटी माहिती देऊ नये, आवश्यक माहिती दडवू नये आणि दुसऱ्याचे नाव धारण करू नये, असे कर्तव्य या कायद्याने थेट ग्राहकावर टाकले आहे. फसवणुकीने किंवा तोतयेगिरीने सिम मिळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कारावास, पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एका व्यक्तीच्या नावावर सर्व कंपन्यांचे मिळून जास्तीत जास्त नऊ क्रमांक असू शकतात. जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडील राज्यांत ही मर्यादा सहा आहे. ती ओलांडल्यास पहिल्या वेळी पन्नास हजार आणि त्यानंतर दोन लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. आपले सिम दुसऱ्याच्या हाती सोपवले आणि त्याचा गैरवापर झाला, तर मूळ ग्राहकही आरोपी ठरू शकतो, असा इशारा दूरसंचार विभागाने २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये दिला होता.

‘माझ्या नावावर एकच नंबर आहे’ असे छातीठोकपणे सांगणारी अनेक माणसे प्रत्यक्ष यादी पाहून गोंधळतात, आणि प्रत्येक वेळी त्यामागे मोठी टोळी असतेच असे नाही. रस्त्याकडेला छत्रीखाली बसून सिम विकणाऱ्याने ‘काका, अंगठा नीट उमटला नाही, परत ठेवा’ असे म्हणावे, आपण निमूटपणे परत ठेवावा, आणि पहिल्या अंगठ्यावर एक व दुसऱ्यावर दुसरे असे दोन क्रमांक सुरू व्हावेत, ही पद्धत पोलिसांच्या तपासात अनेकदा उघड झाली आहे. २०२३ च्या डिसेंबरपासून सिम विकणाऱ्या प्रत्येक दुकानदाराची नोंदणी कंपन्यांवर बंधनकारक झाली आणि घाऊक सिमविक्रीची जुनी पद्धत बंद झाली. पाठोपाठ २०२४ च्या आरंभी कागदी अर्जावरचे केवायसीही थांबले. या सुधारणांचा उपयोग झालाच आहे. परंतु त्यापूर्वी झेरॉक्सच्या जोरावर निघालेले क्रमांक आपोआप नाहीसे होत नाहीत. ते ज्याचे त्याने शोधून बंद करून घ्यावे लागतात.

त्यासाठी कोणाच्याही पाया पडावे लागत नाही. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावर आपला मोबाइल क्रमांक आणि त्यावर आलेला ओटीपी भरला, की आपल्या नावावर चालू असलेल्या क्रमांकांची यादी समोर येते. गोपनीयतेसाठी त्यातले काही अंक झाकलेले असतात. यादीतल्या प्रत्येक क्रमांकापुढे तो आपला नाही, आपला आहे पण आता नको आहे, किंवा हवा आहे, असे कळवण्याची सोय आहे. हे काम पाच मिनिटांचे आहे, तरीही माझ्या ओळखीतल्या सुशिक्षित, इतर बाबतींत काटेकोर असलेल्या मंडळींपैकी फार थोड्यांनी ते केलेले आढळले. (यादीत मुलाला शिकायला पाठवताना घेऊन दिलेला आणि मग विसरलेला क्रमांक हमखास निघतो.) आधारची झेरॉक्स देण्यापूर्वी तिच्यावर तारीख आणि कारण लिहून, मजकुरावरून जाईल अशी आडवी सही करण्याची सवयही लावून घ्यावी; आणि जेथे नुसती ओळख पटवायची आहे तेथे पहिले आठ अंक झाकलेले आधार द्यावे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे जाणूनबुजून भाड्याने दिलेले सिम. वसतिगृहांत राहणाऱ्या, हातखर्चाची ओढाताण असणाऱ्या मुलांना ‘फक्त एक सिम आणि एक बँक खाते काढून द्या, महिन्याला कमिशन मिळेल’ असे सांगितले जाते. असे सिम पुढे कोठे जाते याची त्या मुलाला कल्पनाही नसते. कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधील फसवणुकीच्या अड्ड्यांवर भारतातून नेलेली सिम कार्डे वापरली गेल्याचे तपासांत आढळले आहे. ‘डिजिटल अटके’ची धमकी देऊन एखाद्या निवृत्त शिक्षिकेची आयुष्यभराची पुंजी लुटली जाते, तेव्हा तिच्या फोनवर दिसणारा क्रमांक अशा एखाद्या मुलाच्या नावावर असू शकतो. (व्हिडिओ कॉलवरून अटक करण्याची कोणतीही पद्धत आपल्या कायद्यात नाही, हे येथे ओघाने पुन्हा सांगून ठेवतो.) तपास अधिकारी प्रथम पोहोचतात ते क्रमांकाच्या नोंदणीकृत मालकाकडे. फसवणुकीचा हेतू नव्हता हे त्या मुलाला न्यायालयात कदाचित सिद्ध करता येईल. परंतु तोवर बँक खाते गोठलेले, परराज्यातील पोलिस ठाण्याच्या खेपा सुरू आणि नोकरीसाठीच्या चारित्र्य पडताळणीवर प्रश्नचिन्ह, अशी त्याची अवस्था होते. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी प्रवेशाच्या वेळी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरून घेताना याविषयीही दोन शब्द बोलावेत.

आता घरातल्या क्रमांकांकडे वळतो, कारण ग्रामीण महाराष्ट्रात खरी अडचण येथे आहे. आईच्या हातातला फोन मुलाच्या नावावर, सुनेचा सासऱ्याच्या नावावर, आणि आजोबांच्या आधारला जोडलेला क्रमांक कधी काळी फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रचालकाचा, अशी सरमिसळ घरोघरी दिसते. सगळे सुरळीत असते तोवर ती कोणाला खटकत नाही. २०२५ मध्ये ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे ई-केवायसी सुरू झाले, तेव्हा लाभार्थी महिलेच्या आधारबरोबर पती किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. ज्यांचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत अशा महिलांची त्यात कुचंबणा झाली. तो दोष प्रक्रियेचा होता. परंतु त्याच वेळी, स्वतःच्या आधारला जोडलेला क्रमांक मुळात कोणाकडे आहे हेच ठाऊक नसलेल्या महिलाही कमी नव्हत्या. प्रौढ व्यक्तीचा क्रमांक तिच्याच नावावर आणि तिच्याच ताब्यात असावा, हा नियम प्रत्येक घराने स्वतःला घालून घ्यावा. आधारमधला क्रमांक आधार केंद्रावर बदलता येतो, आणि इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेच्या सेवेतून पोस्टमनही घरी येऊन हे काम करून देतात. ज्यांना चालणे-फिरणे जमत नाही त्यांच्यासाठी ही फार मोलाची सोय आहे.

घरातल्या कर्त्या माणसाच्या निधनानंतर तर या विषयाकडे कोणाचेच लक्ष नसते. दहावे-तेरावे, वारसनोंद, विम्याचा दावा या धावपळीत त्यांच्या फोनचे रिचार्ज संपते आणि काही महिन्यांनी क्रमांक बंद पडतो. प्रीपेड क्रमांक सलग ९० दिवस वापरला गेला नाही आणि त्यात किमान शिल्लकही नसेल, तर कंपनी तो बंद करू शकते. बंद झाल्यानंतर किमान ९० दिवस तो दुसऱ्या कोणास दिला जात नाही, पण त्यापुढे तो नव्या ग्राहकाला मिळू शकतो. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हा विषय आला होता. सोडलेल्या क्रमांकावरील आपली खाजगी माहिती सुरक्षित राहील याची काळजी आधीच्या ग्राहकानेच घ्यायची आहे, असे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले. ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था अशा बंद क्रमांकांची यादी प्रसिद्ध करते आणि ती तपासून आपल्या नोंदी अद्ययावत ठेवाव्यात, असे रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या जानेवारीत बँकांना सांगितले आहे. तरीही बँकेवर विसंबून राहण्यापेक्षा, मृत्यूचा दाखला हाती येताच तो क्रमांक वारसाच्या नावावर करून घेणे किंवा सर्व ठिकाणांहून काढून टाकून मगच बंद करणे अधिक शहाणपणाचे आहे. मृत व्यक्तीचे सिम तसेच वर्षानुवर्षे वापरत राहणे आणि तिच्या खात्याचे ओटीपी घेत राहणे ही सोय वाटते खरी, पण तिला कायद्याचा आधार नाही, आणि वारसांमध्ये वाद उभा राहिला की हीच ‘सोय’ तक्रारीचा पहिला मुद्दा होते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित, आणि फुकट उपलब्ध असलेली गोष्ट म्हणजे सिमचे कुलूप. फोनला आपण बोटाचा ठसा, चेहरा, नक्षी असे काही ना काही लावतो; परंतु ते कुलूप हँडसेटला असते, सिमला नसते. फोन चोरणाऱ्याने आतले सिम काढून दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले, की तुमचे ओटीपी त्याच्याकडे येऊ लागतात आणि तुमच्या फोनचा पासवर्ड जसाच्या तसा शाबूत राहूनही निरुपयोगी ठरतो. फोनच्या सेटिंगमध्ये, सुरक्षेच्या भागात, सिम लॉक करण्याचा पर्याय असतो. तो चालू केला की दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावर, किंवा आपलाच फोन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर, सिम आधी पिन मागते. कंपनीने मुळात ठेवलेला पिन तिच्याकडून विचारून घ्यावा आणि मग बदलावा. अंदाजाने आकडे टाकत बसू नये, कारण तीन वेळा चुकले की सिम अडकते आणि कंपनीकडून आठ अंकी पीयूके क्रमांक घ्यावा लागतो, आणि तोही दहा वेळा चुकला तर कार्ड कायमचे निकामी होते. एवढे पथ्य पाळले तर याइतके स्वस्त संरक्षण दुसरे नाही. ओटीपीचा मजकूर कुलूपबंद पडद्यावर दिसणार नाही, अशी व्यवस्थाही त्याच वेळी करून टाकावी. दुकानांत नवा फोन विकताना काच आणि कव्हर आग्रहाने गळ्यात मारले जाते. हे दोन पर्याय चालू करून देणारा विक्रेता मला तरी अजून भेटायचा आहे.

सिमइतकाच हँडसेटचाही विचार करायला हवा. प्रत्येक हँडसेटला आयएमईआय नावाचा पंधरा अंकी क्रमांक असतो आणि *#०६# असे दाबल्यास तो पडद्यावर दिसतो. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. बिलावर आणि खोक्यावरही ते छापलेले असतात, म्हणून खोके माळ्यावर टाकण्यापूर्वी क्रमांक वहीत उतरवून ठेवावेत. हा क्रमांक बदलणे, पुसणे किंवा तो बदललेला आहे हे माहीत असूनही फोन जवळ बाळगणे, हा नव्या दूरसंचार कायद्याखाली सिमच्या तोतयेगिरीइतकाच गंभीर गुन्हा आहे. जुना फोन बिल न घेता, ‘मित्राचा आहे, निम्म्या किमतीत देतो’ अशा भरवशावर घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे वाटायला पुरेसे कारण असताना, तो घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात चोरीच्या संपर्क साधनासाठी वेगळे कलम आहेच. खरेदीपूर्वी ‘केवायएम’ ही इंग्रजी अक्षरे आणि त्यापुढे आयएमईआय लिहून १४४२२ वर एसएमएस पाठवला, की तो फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आणि काळ्या यादीत आहे की नाही, हे कळते. जुन्या फोनची खरेदी-विक्री करणाऱ्यांनी केंद्रीय नोंदींशी आयएमईआय ताडून पाहावा, असा नियम २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये झाला आहे. तो पाळला जातो का, हे मात्र प्रत्येक शहरातल्या मोबाइल गल्लीत एक फेरी मारून ज्याचे त्याने पाहावे.

एसटीत किंवा बाजारात सापडलेला फोन ‘कोणाचा आहे कोण जाणे’ म्हणत वापरायला काढणे हाही निरुपद्रवी प्रकार नाही. मालकाचा शोध घेण्याचा वाजवी प्रयत्न न करता सापडलेली वस्तू अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेणे म्हणजे अपहार, आणि त्यासाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये किमान सहा महिन्यांची कैद सांगितली आहे. फोन वाहकाकडे किंवा पोलिस ठाण्यात द्यावा आणि पोच घ्यावी.

स्वतःचा फोन हरवला, तर काय आधी आणि काय नंतर याला फार महत्त्व आहे, आणि घाबरलेल्या मनःस्थितीत नेमका हाच क्रम चुकतो. प्रथम दुसऱ्या फोनवरून कंपनीला कळवून सिम बंद करावे आणि बँकेला सांगून यूपीआय थांबवावे. पैसे गेल्याचे दिसले तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. मग पोलिसांकडे तक्रार देऊन तिची प्रत घ्यावी आणि त्याच क्रमांकाचे दुसरे सिम काढावे. त्यानंतर संचार साथीवरील सीईआयआर या सुविधेत तक्रारीची प्रत, बिल आणि आयएमईआय देऊन हँडसेट बंद करण्याची विनंती करायची असते. तिचा ओटीपी नव्या सिमवर येतो. पण सिम बदलल्यावर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत, हे ठाऊक नसल्याने लोक ‘साइट चालतच नाही’ म्हणून नाद सोडतात. दुसऱ्या दिवशी ओटीपी येतो. एकदा हँडसेट बंद झाला की देशातल्या कोणत्याही कंपनीचे सिम त्यात चालत नाही, आणि कोणी ते घालून पाहिलेच तर त्याची खबर पोलिसांना मिळते. या यंत्रणेचा प्रयोग २०१९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत सुरू झाला होता, आणि २०२३ च्या मे महिन्यात ती देशभर लागू झाली.

संचार साथीची एवढी बाजू घेतल्यावर एक गोष्ट स्पष्ट करणे मी आवश्यक समजतो. २०२५ च्या अखेरीस हे ॲप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीपासून घालून देण्याचा आदेश निघाला होता, आणि जोरदार टीका झाल्यावर काही दिवसांतच ती सक्ती मागे घेण्यात आली. ती मागे घेतली हे उत्तम झाले. नागरिकाच्या फोनमध्ये काय असावे हे नागरिकाने ठरवायचे असते. शिवाय वर सांगितलेली बहुतेक कामे ॲप न घेताही संकेतस्थळावर होतात. सक्तीला विरोध करताना त्या सुविधेलाच पाठ दाखवण्याची मात्र गरज नव्हती, आणि तेव्हाच्या वादात नेमके हेच झाले.

आता थोड्या मागण्या. सिम देताना ‘आपल्या नावावरचा हा अमुकावा क्रमांक आहे’ असे छापलेली मराठी पावती ग्राहकाच्या हातात पडावी; ही माहिती यंत्रणेकडे असतेच, ती ग्राहकापासून झाकून ठेवण्याचे कारण नाही. निधनानंतर क्रमांक वारसाच्या नावावर करण्यासाठी नेमकी कोणती कागदपत्रे लागतात, याचा मराठी फलक प्रत्येक कंपनीच्या दालनात असावा, कारण आज एका दालनात एक उत्तर मिळते आणि दुसऱ्यात दुसरे. कंपन्यांकडून येणारे सावधगिरीचे संदेश इंग्रजीत आणि जाहिरातींच्या ओळीने येतात, त्यामुळे ते वाचलेच जात नाहीत. ग्राहकाने निवडलेल्या भाषेत ते पाठवणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. आणि राज्य शासनाने १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांमध्ये आपल्या नावावरची सिम तपासून देण्यासाठी एक टेबल मांडावे. तेथे ग्रामपंचायतीच्या संगणक परिचालकाने प्रत्येकाचा फोन प्रत्येकाच्याच हातात ठेवून, ओटीपी स्वतः न पाहता, ही यादी काढायला शिकवावे.

आपला,
दूरसंचार खात्यातील एक निवृत्त कर्मचारी,
सातारा